स्वच्छ प्रत

“काय लिवून राहिले जी काकाजी? सीधा फोटो काढून टाका नं.”

शालीकराम माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. मी वाचनालयाच्या कंप्युटरसमोर वही उघडून बसलो होतो आणि काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी एकेक करून उतरवत होतो. कुणी मागे उभं राहिलं की माझं अक्षर बिघडतं. मी पेन उचललं.

“फोटो नीट येत नाही,” मी म्हणालो. “पट्टे पडतात.”

“मंग माह्या मोबाईलनं काढा.”

“नको. झालंच आहे.”

शालीकराम बहेकार आमच्या गोरेगावच्या वाचनालयाचा अध्यक्ष. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण त्याच्यासमोर मी अजूनही पंचायत समितीतला कनिष्ठ लिपिकच असतो. तो “बरं” म्हणून बाहेर गेला, तेव्हा मी पुन्हा लिहायला घेतलं.

फोटोचं कारण अर्धंच खरं होतं. पाच दिवसांपूर्वी मी पडद्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. तो हलला होता. कुणीतरी लिहिलं, ‘काका, हा कंप्युटर आहे की तळ्यातला चंद्र?’ त्याखाली सहा हसरे चेहरे. मी दिवसभर मोबाईल उघडला नाही. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर रेघांच्या कागदावर उतरवून पाठवला, तर लोक हरखून गेले. ‘असं अक्षर आता छापखान्यातही मिळत नाही.’ ‘काका, ही शाई कुठली?’ एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यात माझी एवढी स्तुती कधी झाली नव्हती. ऑफिसात साहेब म्हणायचे, “टेंभऱ्यांकडून स्वच्छ प्रत करून घ्या.” एकतीस वर्षांत तेवढंच. त्या दिवसापासून मी ग्रुपवर पडद्याचा फोटो टाकला नाही.

ग्रुपचं नाव ‘लिनक्स सोबती’. विदर्भातले दोनशेच्या आसपास लोक. आमच्या वाचनालयाच्या कंप्युटरवर लिनक्स ही सिस्टीम आहे, कारण ती फुकट मिळते आणि जुन्या मशीनवर चालते. अडलं की विचारायला दुकान नाही, कंपनी नाही. ज्याला येतं तो सांगतो, ज्याला येत नाही तो विचारतो. यातल्या कुणालाही मी कधी भेटलो नव्हतो आणि तेच मला सोयीचं होतं. तोंडानं विचारायला मला जमत नाही. लिहून जमतं, तेही सुरुवातीला ‘कदाचित माझीच चूक असेल, पण’ असं लिहिल्यावरच. प्रत्येक प्रश्न मी असाच सुरू करायचो. चूक माझी नसली तरी.

त्या आठवड्यात अडलेलं काम मोठं होतं. आमची सिस्टीम सहा वर्षं जुनी. अभ्यासिकेतल्या मुलामुलींना भरतीचे फॉर्म भरायचे होते आणि फॉर्मची साइट म्हणत होती की तुमचं ब्राउझर फार जुनं आहे. म्हणून मी सिस्टीम नवी करायला घेतली. अर्ध्यावर लाईट गेली. परत आली तेव्हा मशीन काळ्या पडद्यावर येऊन थांबलं ते थांबलंच.

मला वाट दाखवत होता भुवनेश्वर. देवरीला हायवेच्या स्टॅंडजवळ त्याचं फॉर्म भरायचं दुकान आहे, एवढंच मला ठाऊक होतं. ग्रुपवर दहातले सात प्रश्न तोच सोडवायचा, आणि कुणाला हसायचा नाही. माझं काम त्याच्याही दृष्टीनं मोठं होतं. नागपूरच्या एका संस्थेला गोंदिया जिल्ह्यातल्या अकरा अभ्यासिकांत हीच सिस्टीम बसवायची होती, आणि ती सांभाळायला इथलाच एक माणूस पगारावर हवा होता. संस्थेचा प्रफुल म्हणून एक मुलगा ग्रुप चालवायचा. त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं होतं, ‘गोरेगावचं काम भुवनेश्वरनं नीट पार पाडलं, की अकराही त्याच्याकडे.’ भुवनेश्वरनं त्याखाली नुसते हात जोडले होते.

आमच्या मशीनमध्ये दोन डिस्का होत्या. जुनी लहान डिस्क, जिच्यावर सिस्टीम. आणि नंतर बसवलेली मोठी, जिच्यावर वह्या.

या वह्या म्हणजे दंडारीच्या. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि रात्रभर दंडार, आमचं लोकनाट्य, होते. तिची गाणी, सवाल-जबाब, सोंगांची बोलणी जुन्या लोकांच्या वह्यांत असतात. चार वर्षं मी गावोगाव हिंडून त्या मागून आणल्या, एकेक पान स्कॅन केलं, वह्या परत केल्या. त्रेसष्ट वह्या झाल्या. शालीकरामचे वडील दुधरामजी नामांकित दंडारी. मागच्या वर्षी ते गेले तेव्हा शालीकरामनं त्यांची वही त्यांच्या छातीवर ठेवली आणि अग्नी दिला. मी तिथंच उभा होतो. “कंप्युटरात आहे नं काकाजी?” त्यानं मला विचारलं होतं. मी होकाराची मान हलवली होती.

तर भुवनेश्वरचा सल्ला असा होता, की जुनी सिस्टीम आता दुरुस्त करत बसू नका. पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, लहान डिस्क पूर्ण पुसा आणि तिच्यावर नवी सिस्टीम टाका. मोठीला हात लावू नका. ‘काकाजी, पेटी उघडून मोठ्या डिस्कची वायर काढून ठेवा, म्हणजे भेवच नाही,’ त्यानं लिहिलं होतं. मी लिहिलं, पेटी उघडायला माझे हात धजत नाहीत. ‘बरं, राहू द्या. मंग डिस्कांची यादी पाठवा. जशी दिसते तशी.’

तीच यादी मी उतरवत होतो. कंप्युटर आपल्या डिस्कांना ए, बी, सी अशी अक्षरं देतो आणि पुढे त्यांचं माप दाखवतो. इतके दिवस ‘ए’ म्हणजे लहान आणि ‘बी’ म्हणजे मोठी होती, हे मला पाठ होतं. आज पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर यादीत मोठी पहिली आली होती आणि तिच्यापुढे ‘ए’ होतं. लहान दुसरी, ‘बी’.

मला ते विचित्र वाटलं. पण विचारावंसं वाटलं नाही. ऑफिसात अशी रजिस्टरं रोज यायची. कुणीतरी घाईत खालचं वर लिहिलेलं असायचं, अनुक्रमांक चुकलेले असायचे, आणि स्वच्छ प्रत करणाऱ्यानं ते गुपचूप नीट लावायचे असा दंडक होता. साहेबापुढे चुकलेला क्रम न्यायचा नसतो. अनुक्रमांकाला काही अर्थ नसतो, तो फक्त ओळ मोजायला असतो, असं माझं एकतीस वर्षांचं ज्ञान. मी १४९ मापाची जुनी, लहान डिस्क वर घेतली, तिला ‘ए’ दिलं. नवी खाली, ‘बी’. पट्टीनं रेघ मारली. फोटो पाठवला.

‘काकाजी, काय अक्षर आहे!’ भुवनेश्वरचं उत्तर आलं. मग त्यानं एक ओळ लिहून दिली. ती टाकली की ‘ए’ डिस्क पूर्ण पुसली जाणार होती. खाली लिहिलं होतं, ‘बटन दाबण्याच्या पहिले पडद्यावर ए समोरचा आकडा पाहून सांगा. १४९ च आहे नं?’

मी पाहिलं. वहीत पाहिलं. वहीत ‘ए’समोर १४९ होतं, काळ्या शाईत, सुबक.

‘होय. बरोबर,’ मी लिहिलं आणि बटन दाबलं.

•

चार वाजता मशीन नव्या रूपात उभं राहिलं. फॉर्मची साइट उघडली. अभ्यासिकेतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. ग्रुपवर फुलं, हार, फटाके. प्रफुलनं लिहिलं, ‘भुवनेश्वर, अभिनंदन. सोमवारी फोन करतो.’ शालीकराम बाजारातून पेढे घेऊन आला आणि मला खुर्चीवरून उठू देईना.

“काकाजी, बाबाची वही लावा नं. मंडईत यंदा त्याईचा सवाल म्हणाचा आहे पोराईले.”

मी वह्यांच्या जागी गेलो. तिथं जुन्या सिस्टीमचे तुकडे होते, ज्यांचं आता काही काम नव्हतं. मी वर गेलो, खाली गेलो, परत आलो.

“काय झालं?”

“थांब जरा.”

मी मापं पाहिली. नवी सिस्टीम मोठ्या डिस्कवर बसली होती. लहान डिस्क कुणी शिवलीही नव्हती. मी वही उघडली, पट्टीनं मारलेल्या रेघेखालची ती यादी पाहिली आणि सगळं समजलं. समजायला एवढासाही वेळ लागला नाही. मी वही मिटली.

“वह्या गेल्या,” मी म्हणालो.

शालीकरामच्या हातात अर्धा पेढा होता. “गेल्या म्हणजे? कुठी गेल्या?”

“पुसल्या गेल्या.”

“सगळ्या? बाबाची?”

“सगळ्या.”

त्यानं पेढा पुन्हा पुड्यात ठेवला. मुली एकेक करून बाहेर गेल्या. मग तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं अगदी हळू, आपल्या काकाला विचारावं तसं विचारलं, “हे कराले तुमाले कोनं सांगतलं होतं?”

माझ्या हातात मोबाईल होता. त्यावर भुवनेश्वरची ती ओळ होती. मी मोबाईल त्याच्यापुढे धरला.

“यानं,” मी म्हणालो.

आयुष्यात मी खोटं फारसं बोललेलो नाही. हेही खोटं नव्हतं.

शालीकरामनं तिथूनच फोन लावला आणि आवाज मोठा केला. “अबे, तुले समजते का काई? येत नाही तं सांगतं कायले? माह्या बापाची वही होती थे! जाळली म्या थे, तुमच्या या डब्याच्या भरोशावर!”

पलीकडे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. “भाऊ, थांबा जरा. काकाजीनं यादी पाठवली होती, तिच्यात ए म्हणजे…”

“आता त्या बुढ्या माणसावर ढकलतं का रे?”

भुवनेश्वर थांबला. मग म्हणाला, “काकाजी आहेत का तिथी?”

शालीकरामनं माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डवरची धूळ पुसत होतो.

“मशीन बंद करा,” भुवनेश्वर म्हणाला. “काईच करू नका. मी उद्या येतो. काई काई परत येते.”

•

तो दुसऱ्या दिवशी साडेनवाच्या गाडीनं आला. तिशीतला, काटकुळा, खांद्याला कंप्युटरची बॅग. फॉर्मचे दिवस असताना दोन दिवस दुकान बंद ठेवून आला होता. शालीकरामला त्यानं नमस्कार केला, तो शालीकरामनं घेतला नाही. माझ्या मात्र तो पाया पडला.

“तुमी टेंभरे काकाजी नं? मले वाटलं होतं, तुमी उंच असान.”

त्यानं पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं, यादी काढली आणि बघत बसला. मग आपल्या मोबाईलवर माझं पान उघडलं. दोन बोटांनी ते मोठं केलं. एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा पानाकडे.

“हे अक्षर तुमचंच नं?”

“हो.”

“सुंदर आहे,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग आवाज खाली आणून म्हणाला, “इथी मोठी डिस्क पहिली आहे, काकाजी. पानावर लहान पहिली आहे.”

माझ्या तोंडात शब्द आला होता. ‘मी बदललं.’ दोनच शब्द, खरं तर. तेवढ्यात शालीकराम चहा घेऊन आत आला. कपबशा टेबलावर आपटत म्हणाला, “काय सापडलं? कोनाची चूक होती?”

भुवनेश्वर माझ्याकडे पाहत राहिला. मी चहाचा कप उचलला. तो गरम होता, तरी प्यालो.

“चूक झाली,” भुवनेश्वर म्हणाला आणि पडद्याकडे वळला.

“झाली म्हनते,” शालीकराम बाहेर जाता जाता म्हणाला. “मोठा आला.”

दोन दिवस भुवनेश्वर त्या डिस्कवरून पानं उकरत होता. ज्याच्यावर नवं लिहिलं गेलं ते गेलं, बाकीतलं काही निघतं, असं त्यानं मला समजावलं. नऊ हजारांतली पाच-सव्वापाच हजार पानं निघाली. पण नुसती पानं. कुठल्या वहीचं, कुठल्या गावचं, कितवं, काही नाही. सगळ्या त्रेसष्ट वह्यांची पानं एका ढिगात. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो उठला. शालीकराम दाराशी होता.

“दुसऱ्या गावात नोको करजो आता असं,” शालीकराम म्हणाला.

भुवनेश्वरनं बॅग खांद्याला लावली. “नाही करत जी.”

मी त्याला स्टॅंडपर्यंत पोचवायला गेलो नाही. पानं पाहायची आहेत, असं म्हणालो.

•

“त्या पोराले घरी जेवाले तरी आनलं असतं,” गिरजा म्हणाली. गिरजा माझी बायको. ती तांदूळ निवडत होती. “दोन दिवस काय खाल्लं त्यानं?”

“हॉटेलात खाल्लं असेल.”

“आन तुमी? तुमच्या घशाखाली काऊन नाही उतरून राहिलं?”

मी तिला सांगितलं. बेचाळीस वर्षांत तिला सांगितल्याशिवाय मला काही पचलेलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

“मंग शालीकरामाले काऊन नाही सांगतलं?”

“सांगणार होतो.”

“केवा? माह्या तेरवीले?”

“वेळ आली नाही. तो चहा घेऊन आला…”

“चहा घेऊन आला,” तिनं माझ्याच आवाजात म्हटलं. “त्या पोराच्या पोटावर पाय देला तुमी. आन वरून चहा पेले.”

तिनं परत सूप घेतलं.

सोमवारी प्रफुलनं ग्रुपवर लिहिलं की डेटाची डिस्क सुटी करून ठेवणं हा पहिला नियम आहे, तो पाळला गेला नाही, त्यामुळे अभ्यासिकांच्या कामाचा फेरविचार होईल. भुवनेश्वरचं नाव त्यानं घेतलं नाही. इतरांनी घेतलं. ज्यांचे प्रश्न त्यानं वर्षानुवर्षं सोडवले होते त्यांनीही. ‘आधी शिका, मग शिकवा,’ असं एकानं लिहिलं. भुवनेश्वरनं उत्तर दिलं नाही.

मी लिहायला बसलो. चार वेळा कच्चं लिहिलं. दुसऱ्या कुणाला दोष लागणार नाही, लांबण लागणार नाही आणि सत्य पूर्ण येईल असं. पाचव्यांदा स्वच्छ प्रत केली. यादी उतरवताना मी डिस्कांचा क्रम आणि अक्षरं बदलली. भुवनेश्वरनं आकडा पाहायला सांगितला तेव्हा मी पडदा न पाहता वही पाहिली. नुकसानीला मी एकटा जबाबदार आहे. खाली सही केली, तारीख घातली. पानाचा फोटो पाठवला आणि मोबाईल उशीखाली ठेवून ओसरीवर जाऊन बसलो. छाती हलकी झाली होती. मला वाटलं, इतकं सोपं होतं तर.

तासाभरानं पाहिलं तर पुन्हा फुलं.

‘काका, तुमच्या मनाच्या मोठेपणाला सलाम.’

‘अशी माणसं आता राहिली नाहीत. दुसऱ्याची चूक स्वतःवर घेणारी.’

‘आणि अक्षर पाहा!’

मी घाईघाईनं लिहिलं, ‘हे खरं आहे. मी खरंच बदललं.’ खाली हात जोडलेले चेहरे आले.

प्रफुलला फोन केला. फोन करायला मला अर्धा तास लागला. “काका, तुमची भावना समजते,” तो म्हणाला, “पण संस्थेचं काम भावनेवर चालत नाही.”

“भावना नाही. मी हातानं बदललं. आजही मशीनवर मोठी पहिली दिसते, तुम्ही येऊन पाहा.”

“ती अक्षरं तर प्रत्येक वेळी बदलू शकतात, काका. त्या दिवशी पडद्यावर काय होतं, याचा फोटो आहे का?”

फोटो नव्हता.

“आणि काका, रागावू नका. तुम्ही नेहमीच म्हणता, माझीच चूक असेल. मागच्या वर्षी प्रिंटरची शाई संपली होती, तेव्हाही तुम्ही असंच लिहिलं होतं.” तो हसला. चांगला मुलगा आहे तो. “खरं सांगा, भुवनेश्वरनं लिहायला लावलं का?”

“नाही! तो तर…”

“बरं, बरं. तुम्ही त्रास करून घेऊ नका.”

फोन ठेवल्यावर त्यानं ग्रुपवर लिहिलं, ‘वडीलधाऱ्या माणसाकडून असं लिहून घेणं शोभत नाही. एवढंच म्हणेन.’ तीन वाजून दहा मिनिटांनी खाली एक बारीक ओळ आली. भुवनेश्वर यांनी ग्रुप सोडला.

शालीकरामकडे गेलो. तो शेतावर निघाला होता, मोटारसायकलवर एक पाय टाकून. मी सगळं सांगितलं, अडखळत, पण सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुमी लय सीधे आहा जी, काकाजी. कोनी गुंडाळते तुमाले. जा घरी, आराम करा.”

गाडी सुरू करून तो गेला.

•

आठवडाभरानं मी देवरीला गेलो. आधी कोहमारा, तिथून हायवेची गाडी. दुकान शोधावं लागलं नाही. दाराशी दहा-बारा माणसं कागद घेऊन उभी होती आणि आत भुवनेश्वर एका बाईचा अंगठा मशीनवर ठेवून घेत होता. मला पाहून उठला, स्वतःची खुर्ची दिली, पाणी आणलं.

“गिऱ्हाईक आहेत, पाच मिनटं बसा काकाजी.”

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. मी त्याला काम करताना पाहिलं. एका म्हाताऱ्याला तो सांगत होता, “बाबाजी, सही नोका करू, पहिले मी वाचून दाखवतो.” आणि पूर्ण कागद वाचून दाखवला, एक ओळही न गाळता.

गर्दी सरल्यावर तो स्टुलावर बसला.

“मी ग्रुपवर लिहिलं होतं,” मी म्हणालो. “प्रफुललाही सांगितलं.”

“पाहिलं जी.”

“त्यांना खरं वाटत नाही.”

“हो.” त्यानं टेबलावरचे कागद एकसारखे केले. “अकराही जागा नागपूरच्या मानसाले देल्या. परवा कळलं. जाऊ द्या.”

“तुला त्या दिवशीच कळलं होतं ना?”

“यादी पाहूनच कळलं.”

“मग तू का बोलला नाहीस? शालीकरामसमोर?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दाराबाहेर पाहिलं, जिथं एक ट्रक मागे येत होता.

“तुमी बोलान म्हनून थांबलो होतो,” तो म्हणाला.

मी पेल्यात उरलेलं पाणी प्यालो. मग त्यानंच विचारलं, “पानं लागली का?”

“लावतोय. अक्षरावरून ओळखतो.”

“दुधरामजीची?”

“बावीस सापडली. चौऱ्याण्णव होती.”

“तुमाले अक्षर ओळखू येते, हे चांगलं आहे,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोनाले जमलं नसतं.”

तीनची गाडी होती. मी नको म्हणत असताना तो स्टॅंडपर्यंत आला. मंडईचे दिवस, पाहुण्यांची वर्दळ. गाडी वळण घेऊन आत येताच लोक दाराकडे धावले. मला तसं धावता येत नाही आणि रेटता तर मुळीच येत नाही. भुवनेश्वर गाडीच्या बाजूनं पळाला, उडी मारून खिडकीतून आपला रुमाल आतल्या सीटवर टाकला आणि परत येऊन माझा दंड धरला. गर्दी ओसरेपर्यंत तो तसाच उभा होता. मग मला पायरीवर चढवलं.

“तिसरी खिडकी, डाव्या हाताची. आरामात जा जी.”

मी त्याच्याकडे वळेपर्यंत मागचे लोक चढले. तिसऱ्या खिडकीशी दोघांच्या सीटवर त्याचा निळ्या चौकड्यांचा रुमाल पसरलेला होता आणि माणसं उभी असूनही ती सीट कुणी घेतली नव्हती. मी खिडकीशी सरकून बसलो. बाहेर पाहिलं. तो गाडीकडे पाठ करून दुकानाकडे निघाला होता, चालता चालता बाहीनं कपाळ पुसत. मी रुमाल उचलून हात बाहेर काढला, हाक मारायला तोंड उघडलं. गाडी सुटली. हाक मला कधीच मोठी मारता आलेली नाही.

मी रुमाल शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला. कडेवर पोर घेतलेली एक बाई पुढच्या थांब्यावर चढली, सगळीकडे नजर फिरवून माझ्याजवळ आली.

“हा रुमाल तुमचाच का जी?”

“नाही. ज्यानं जागा धरली त्याचा आहे.”

“मंग तो येऊन राहिला का?”

“नाही,” मी म्हणालो, आणि रुमाल उचलून तिला बसायला जागा करून दिली.